तिला सोडून कुणाकुणाला माहीत होतं: तारासॉफ केस

१९६९ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलेमध्ये एका मुलीच्या जिवाला धोका आहे हे कुणाकुणाला माहीत होतं ते आधी बघू. ज्याच्या डोक्यात मारायचं होतं तो, तो तर आलाच. मग त्याचा सायकॉलॉजिस्ट डॉ. मूर. मग मूरच्या मताला दुजोरा देणारे, मूरच्याच हॉस्पिटलचे दोन डॉक्टर. मग युनिव्हर्सिटीच्या कॅम्पस पोलिसांतले काही अधिकारी, आणि ज्यांच्या नावाने मूरचं पत्र गेलं ते पोलीस चीफ. आणि सायकायट्री विभागाचे प्रमुख, ज्यांनी ते पत्र परत मागवलं. तातियाना तारासॉफ तेव्हा ब्राझीलमध्ये होती. तिला कुणी काही सांगितलं नाही, तिच्या आईवडिलांनाही नाही. २७ ऑक्टोबर १९६९ ला तिचा खून झाला.

लॉ किंवा सायकॉलॉजी शिकणाऱ्या बहुतेकांनी ही केस कधी ना कधी वाचलेली असते, पण ती नेहमी डॉक्टरच्या खुर्चीत बसून शिकवली जाते. म्हणजे पेशंटने विश्वासाने सांगितलेलं बाहेर सांगायचं का नाही, सांगितलं तर काय होतं, नाही सांगितलं तर काय होतं. प्रश्न महत्त्वाचाच आहे, वाद नाही. पण मला ती तिच्या बाजूने बघायचीये, कारण संभाव्य बळी असणं म्हणजे नक्की काय असतं हे या केसइतकं उघडं क्वचितच दिसतं. मला वाटतं त्यातली मुख्य गोष्ट अशी की तुम्ही संभाव्य बळी आहात हे तुमच्या आत कुठेच नसतं, ते दुसऱ्यांच्या डोक्यात, दुसऱ्यांच्या फाइलमध्ये असतं, आणि म्हणून तुमचं काय होणार हे त्या दुसऱ्यांनी ती माहिती कुणाची मानली यावर ठरतं.

आता घडलं काय ते. तो भारतातून, बंगालमधून आलेला विद्यार्थी, नेव्हल आर्किटेक्चर म्हणजे जहाजबांधणी शिकायला १९६७ च्या सप्टेंबरमध्ये बर्कलेला आलेला, इंटरनॅशनल हाउसमध्ये राहायचा. (त्याचं नाव मी घेत नाहीये, नेटवर एका मिनिटात सापडेल, पण अशा केसमध्ये बहुतेक वेळा मारणाऱ्याचंच नाव लोकांच्या लक्षात राहतं, इथे नशिबाने केस तरी तिच्या नावाने ओळखली जाते.) १९६८ मध्ये तिथल्या फोक डान्सच्या क्लासमध्ये त्याची तातियानाशी ओळख झाली, आठवड्यातून एकदा वगैरे भेटायचे, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री तिने त्याला किस केलं. त्याने त्याचा अर्थ आपलं नातं पक्कं झालं असा घेतला. तिने स्पष्ट सांगितलं की तसं काही नाहीये, माझे दुसरे मित्र आहेत, मला तुझ्याशी तसल्या नात्यात रस नाही. त्यानंतर तो ढासळत गेला. अभ्यास सुटला, तब्येतीकडे लक्ष नाही, एकटा एकटा राहायचा, बोलणं तुटक, मध्येच रडायला लागायचा. अधूनमधून ते भेटायचे तेव्हा तो त्यांचं बोलणं टेप करून ठेवायचा, नंतर परत परत ऐकायला, की हिचं माझ्यावर प्रेम का नाही ते कळावं म्हणून.

इथे थोडं थांबतो. ही केस सांगताना बरेच जण त्या किसपाशी रेंगाळतात, दोन संस्कृतींमधला गैरसमज वगैरे म्हणतात. मला हे पटत नाही. गैरसमज झाला असेल पण तो तिने तोंडाने दूर केला होता, आणि त्यानंतरचे सगळे महिने हे गैरसमजाचे नव्हते, तिचं "नाही" न ऐकण्याचे होते. गोष्ट किसपासून सुरू केली की ऐकणारा नकळत तिने काय केलं हे शोधायला लागतो. संभाव्य बळीच्या वाट्याला हेही येतं, की धोका दुसऱ्याकडून असतो आणि तपासणी तुमच्या वागण्याची होते.

१९६९ च्या उन्हाळ्यात ती ब्राझीलला गेली. ती गेल्यावर तो जरा सावरला, आणि मित्राने सुचवलं म्हणून युनिव्हर्सिटीच्याच कॉवेल हॉस्पिटलमध्ये उपचार घ्यायला लागला. २० ऑगस्टला त्याने मूरला सांगितलं की मी एका मुलीला मारणार आहे, ती परत आली की. नाव घेतलं नाही, पण ती कोण हे ओळखणं अजिबात अवघड नव्हतं. मूरने हे गंभीरपणे घेतलं हे मान्य करायला पाहिजे. त्याने आधी तोंडी आणि मग लेखी कॅम्पस पोलिसांना कळवलं की याला निरीक्षणाखाली ठेवा, हा धोकादायक आहे. तिथे नुकताच, १ जुलै १९६९ पासून, लँटरमन-पेट्रिस-शॉर्ट नावाचा कायदा लागू झालेला, त्यात मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असलेल्या माणसाला ७२ तास तपासणीसाठी ठेवून घेता येत होतं. पत्रात त्याने हेही लिहिलं होतं की हा कधीकधी अगदी ठीकठाक वाटतो. तीन पोलिसांनी त्याला ताब्यात घेतलं, त्याच्याशी बोलले, तो अगदी ठीकठाक वाटला, तिच्यापासून लांब राहीन असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं आणि सोडून दिलं. मग विभागप्रमुखांनी पोलिसांकडून पत्र परत मागवलं, पत्राच्या कॉपी आणि मूरच्या नोट्स नष्ट करायला सांगितल्या, आणि त्याला ठेवून घेण्यासाठी पुढे काही करायचं नाही असा आदेश दिला. पोलीस आल्याचा परिणाम काय झाला, तर तो पुन्हा थेरपीला आलाच नाही.

म्हणजे शेवटचा हिशोब असा की जो माणूस धोकादायक आहे असं एका तज्ञाने लेखी दिलं, तो मोकळा, त्याच्यावर कुणाची नजर नाही, उपचार बंद, लिहिलेलं होतं ते गायब करायला सांगितलेलं. आणि पोलिसांनी त्याच्याकडून जे वचन घेतलं, तिच्यापासून लांब राहायचं, त्या वचनात जी "ती" आहे तिला असं काही वचन दिलं गेलंय हेच माहीत नाही. वचन मोडलं तर कळणार कुणाला? ते मोडलंय हे ओळखू शकणारी एकच व्यक्ती होती.

मला या केसमधला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा भाग हा नाही. तो पुढचा आहे. ती परत यायच्या आधी या माणसाने तातियानाच्या भावाला पटवलं आणि दोघं एका अपार्टमेंटमध्ये राहायला लागले, तिच्या घराजवळच. भावाला काय वाटलं असेल, ओळखीचा मुलगा आहे, भाडं वाटून घेता येईल, असंच काहीतरी साधं. २७ ऑक्टोबरला तो आधी एकदा तिच्या घरी गेला, ती घरी नव्हती, आई होती, आईने त्याला जायला सांगितलं. तो गेला. नंतर परत आला, छर्ऱ्यांची बंदूक आणि स्वयंपाकघरातली सुरी घेऊन, तेव्हा ती घरात एकटी होती. ती बोलायला तयार नव्हती, तो हटेना, ती ओरडली. त्याने गोळी झाडली, ती घराबाहेर पळाली, त्याने पाठलाग करून तिला गाठलं आणि भोसकलं. मग घरात परत जाऊन त्यानेच पोलिसांना फोन केला.

आता बघा, घरच्यांकडे किती माहिती होती. भाऊ त्याच्याबरोबर राहत होता. आईने त्याच दिवशी त्याला दारातून परत पाठवलं होतं. तातियाना स्वतः त्याला महिनोन्महिने नाही म्हणत होती. म्हणजे घरात तीन जणांकडे तीन तुकडे होते, आणि प्रत्येक तुकडा एकटा घेतला तर साधाच वाटतो, प्रेमभंग झालेला एक चिकट पोरगा, त्याला टाळायचं, होईल शांत. हे तुकडे जोडणारी एक गोष्ट हॉस्पिटलच्या कपाटात होती. ती कळली असती तर बाकी सगळं तेच राहून त्याचा अर्थ बदलला असता. भाऊ तिच्या घराजवळ खोली का घेतोय हा म्हणून विचारात पडला असता, आईने त्याला घालवल्यावर दार लावून पोलिसांना फोन केला असता, निदान मुलीला एकटीला घरी ठेवलं नसतं. असं झालंच असतं असं म्हणत नाही. पण वॉर्निंगचं काम मला हे वाटतं, लोक समजतात तसं नुसतं घाबरवणं नाही, तुमच्याच आयुष्यातल्या गोष्टी तुम्हाला नीट वाचता याव्यात म्हणून राहिलेला तुकडा देणं.

आणि म्हणून मी म्हणेन की तिचं नुकसान २७ ऑक्टोबरला सुरू झालं नाही. ते ऑगस्टमध्येच सुरू झालं होतं, जेव्हा तिच्याबद्दलची माहिती इतक्या हातांतून फिरली आणि एकाही हाताला वाटलं नाही की ही तिची आहे. समजा तो बदलला असता, नोकरी लागून दुसऱ्या शहरात गेला असता, तिला कधीच काही झालं नसतं, तरी त्या दोन महिन्यांत ती रस्त्याने चालताना, दार उघडताना, भावाला भेटायला जाताना जे निर्णय घेत होती ते आंधळेपणाने घेत होती आणि ते आंधळेपण दुसऱ्यांनी ठरवून दिलेलं होतं. काहींना हे फार ताणलेलं वाटेल, की काही झालंच नाही तर नुकसान कसलं. मला तसं वाटत नाही. स्वतःच्या जिवाबद्दल स्वतः ठरवण्याची संधी गेली हे पुरेसं आहे.

मग आईवडिलांनी केस केली, युनिव्हर्सिटीच्या रीजंट्सवर म्हणजे तिच्या कारभारी मंडळावर, आणि डॉक्टर आणि पोलिसांवर. खालच्या कोर्टाने ती उडवून लावली. कारण साधं, पेशंट डॉक्टरचा आहे, मुलगी डॉक्टरची कुणीच नाही, अनोळखी माणसाबद्दल डॉक्टरचं कायदेशीर कर्तव्य येतं कुठून? कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने २३ डिसेंबर १९७४ ला पहिला निकाल दिला की सावध करण्याचं कर्तव्य आहे. त्यावर इतका गदारोळ झाला, विशेषतः सायकायट्रिस्ट लोकांच्या संघटनेकडून, की कोर्टाने केस परत ऐकली आणि १ जुलै १९७६ ला दुसरा निकाल दिला, जो आज सगळीकडे तारासॉफ म्हणून ओळखला जातो. जस्टिस टोब्रिनर यांनी लिहिलेला. त्यात नुसतं सावध करण्याऐवजी ज्याला धोका आहे त्याला वाचवण्यासाठी वाजवी काळजी घेण्याचं कर्तव्य सांगितलं, मग त्यासाठी परिस्थितीप्रमाणे त्याला कळवा, पोलिसांना कळवा, किंवा आणखी जे वाजवी असेल ते करा. त्यातलं एक वाक्य फार प्रसिद्ध आहे, जिथे लोकांचा धोका सुरू होतो तिथे गुप्ततेचं संरक्षण संपतं, अशा अर्थाचं. पोलीस मात्र यातून सुटले, कारण कोर्टाच्या मते त्यांचं ना तातियानाशी ना त्याच्याशी असं कुठलं खास नातं होतं. आणि त्याला हॉस्पिटलमध्ये ठेवून का घेतलं नाही या मुद्द्यावर तर कायद्यानेच सरकारी डॉक्टरांना संरक्षण दिलेलं होतं, त्यामुळे तो भागही गेला.

कोर्टाने कर्तव्य कशावर उभं केलं हे बघण्यासारखं आहे. नातं डॉक्टर आणि पेशंटमध्ये, पण त्या नात्यातून निघालेलं कर्तव्य तिसऱ्याच व्यक्तीसाठी. कोर्टाने यासाठी संसर्गजन्य रोगाच्या जुन्या केसेसचा आधार घेतला, की डॉक्टरला पेशंटला संसर्ग आहे हे कळलं तर त्याने घरच्यांना सांगायला हवं. संभाव्य बळी म्हणून तुमची कायद्यातली जागा अशी दुसऱ्याच्या नात्याच्या कडेला तयार होते. तुम्ही त्या खोलीत कधी बसला नाहीत, फी दिली नाहीत, डॉक्टरचं नाव माहीत नाही, तरी तिथे जे बोललं गेलं त्यावर तुमचा काही हक्क आहे.

विरोधी बाजू हलकी नाही, आणि ती नुसती डॉक्टरांची आपली कातडी वाचवायची बाजू होती असं समजू नये. जस्टिस क्लार्क यांनी विरोधात लिहिलं की गुप्तता गेली तर लोक उपचाराला येणार नाहीत, आले तरी मनातलं सांगणार नाहीत, म्हणजे हिंसा वाढेलच, आणि डॉक्टर घाबरून गरज नसलेल्यांनाही कोंडायला लागतील. आणि या केसमध्येच त्याचा पुरावा आहे ना, पोलीस आले आणि पेशंट गेला. दुसरा मुद्दा अंदाजाचा. सायकायट्रिस्ट लोकांच्या संघटनेने कोर्टात हेच सांगितलं की कोण खरंच हिंसा करेल हे आम्हाला भरवशाने सांगता येत नाही. नंतर १९८१ मध्ये जॉन मोनाहन या अभ्यासकाने तोपर्यंतचं संशोधन तपासून लिहिलं की संस्थेत ठेवलेल्या, आधी हिंसा केलेल्या मानसिक रुग्णांबद्दलही हिंसेचे अंदाज फार तर तीनातला एक बरोबर येतो. तीनातला एक. म्हणजे धोकादायक म्हणून ज्यांच्यावर बोट ठेवलं त्यातले निदान दोघं काहीच करणार नव्हते.

कोर्टाने याला उत्तर दिलं की विनाकारण दिलेल्या वॉर्निंगची रिस्क ही जे जीव वाचतील त्यासाठी मोजण्यासारखी किंमत आहे. ठीक, पण किंमत मोजतं कोण हे त्यात नीट येत नाही. थोडी पेशंट मोजतो, त्याच्यावर शिक्का बसतो. आणि बरीच ती व्यक्ती मोजते जिला सांगितलं जातं. विचार करा, तुम्हाला फोन येतो की अमुक माणूस तुम्हाला मारायचं बोलतोय. बस्स एवढंच. तो खरं करेल का, माहीत नाही. कधी, माहीत नाही. तुम्ही काय करायचं, ते तुमचं तुम्ही बघा. घर बदलायचं? नोकरी सोडायची? मुलांच्या शाळेत सांगायचं? आणि हे किती दिवस, कारण "धोका आहे" असा फोन येतो पण "धोका टळला" असा फोन कुणी करत नाही. संभाव्य बळी हा दर्जा मिळतो पटकन आणि जात मात्र नाही, त्याला शेवटची तारीख नसते. मारणारा तुरुंगात गेला, बरा झाला, मेला, तरच. नाहीतर तुम्ही आयुष्यभर दाराची बेल वाजली की आधी खिडकीतून बघणार.

तरीही मी वॉर्निंगच्याच बाजूने आहे. कारण ही किंमत मोजायची का नाही हे ज्याचा जीव आहे त्यानेच ठरवावं. भीतीने त्रास होईल म्हणून तिला न सांगणं यात तिच्याबद्दलची काळजी दिसते पण प्रत्यक्षात तिचा निर्णय दुसऱ्याने घेतलेला असतो, आणि तो चुकला तर मरते ती. शिवाय तारासॉफमध्ये तर तिला त्रास होईल म्हणून गप्प बसले असंही नव्हतं. तिचा विचारच कुठे झालेला दिसत नाही. चर्चा सगळी त्याची, त्याला ठेवायचं का सोडायचं.

आता प्रश्न येतो की संभाव्य बळी म्हणायचं कुणाला, कारण कुणाला तरी मारीन म्हटलं तर सगळं शहरच संभाव्य बळी. हा प्रश्न १९८० मध्ये त्याच कोर्टासमोर आला, थॉम्प्सन विरुद्ध काउंटी ऑफ अलामेडा. ताब्यात असलेला एक अल्पवयीन मुलगा, त्याने सांगितलेलं की मला सोडलं तर मी शेजारपाजारच्या एका लहान मुलाला मारीन. काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, त्याला तात्पुरतं आईच्या ताब्यात सोडलं, आणि चोवीस तासांच्या आत त्याने काही घरं पलीकडे राहणाऱ्या लहान मुलाचा जीव घेतला. कोर्ट म्हणालं जबाबदारी नाही, कारण कुठला मुलगा हे सांगितलं नव्हतं, ओळखता येईल असा बळी नव्हता, आणि सगळ्या मोहल्ल्याला सावध करून फायदाही फारसा झाला नसता. टोब्रिनर यांनी, ज्यांनी तारासॉफ लिहिला त्यांनी, याला विरोध केला.

कोर्टाचं म्हणणं मला समजतं पण गळ्याखाली उतरत नाही. तारासॉफमध्येही नाव घेतलेलं नव्हतंच, फक्त ओळखायला सोपं होतं. म्हणजे तुम्ही किती धोक्यात आहात याने तुमचा दर्जा ठरत नाही, तुम्हाला बोट दाखवून वेगळं काढता येतं का याने ठरतो. त्या वस्तीतल्या मुलांना धोका तातियानाएवढाच खरा होता, नाही, वेळेच्या हिशोबाने जास्तच जवळ होता, पण ते अनेक होते म्हणून कुणीच नव्हते. एका मुलीसाठी डॉक्टरचं कर्तव्य आणि वीस मुलांसाठी कुणाचंच नाही, हे गणित कुठल्याही आईला समजावून दाखवावं कुणीतरी. आणि निदान त्याच्या आईला, जिच्या ताब्यात त्याला दिलं, तिला तरी स्पष्ट सांगता आलं असतंच की.

१९८३ मध्ये हेडलंड केसमध्ये मात्र कोर्टाने वर्तुळ थोडं मोठं केलं. धमकी एका बाईला होती, हल्ला झाला तेव्हा तिचा लहान मुलगा शेजारी होता, तिने त्याच्यावर अंग टाकून त्याला वाचवलं, पण मुलाला मानसिक धक्का बसला. कोर्ट म्हणालं की बाईला धोका आहे हे कळत असेल तर तिचं लहान मूल तिच्या जवळपास असणार हेही कळायला हवं. साधी गोष्ट आहे पण बरी वाटते, संभाव्य बळी एकटा हवेत तरंगत नसतो, त्याला चिकटलेली माणसं असतात.

१९८५ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला, सिव्हिल कोडचं कलम ४३.९२. पेशंटने वाजवीपणे ओळखता येईल अशा व्यक्तीविरुद्ध शारीरिक हिंसेची गंभीर धमकी दिली तरच थेरपिस्टची जबाबदारी, आणि त्या व्यक्तीला आणि पोलिसांना कळवायचा वाजवी प्रयत्न केला की थेरपिस्ट सुटला. २००४ मध्ये यूइंग केसमध्ये अपील कोर्टाने म्हटलं की धमकी पेशंटच्या घरच्यांनी थेरपिस्टला सांगितली तरी ती धरायची. कायदा स्पष्ट झाला हे चांगलंच. पण त्यात एक बारीक बदल झाला असं मला वाटतं. वॉर्निंग हे आता थेरपिस्टने स्वतःच्या बचावासाठी करायचं कामही झालं. दोन फोन केले, तारीख-वेळ नोंदवली, आपण मोकळे. ज्याला फोन आला तो मोकळा झाला का, हे त्या नोंदीत येत नाही.

हे किती खरं आहे ते जबलोन्स्की केसमध्ये दिसतं. हीही कॅलिफोर्नियातली, पण फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टातली, निकाल १९८३ चा. १९७८ मध्ये लोमा लिंडाच्या माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये एक माणूस तपासणीला आला. पोलिसांनी हॉस्पिटलला फोन करून त्याच्या वागण्याबद्दल सांगितलेलं, तो निरोप तपासणाऱ्या डॉक्टरपर्यंत पोचलाच नाही. त्याच्या जुन्या फाइलमध्ये आधीच्या बायकोला मारण्याचे विचार येतात असं लिहिलेलं होतं, ती फाइल कुणी मागवली नाही. तो जिच्याबरोबर राहत होता ती बाई स्वतः डॉक्टरांना म्हणाली की मला भीती वाटते. डॉक्टर म्हणाले, निदान तपासणी चालू आहे तोवर त्याच्यापासून लांब राहा. ती म्हणाली माझं प्रेम आहे त्याच्यावर. मग डॉक्टरने पुढे काही सांगितलं नाही, म्हणे ती ऐकणार नाही असं वाटलं. दुसऱ्या वेळी दुसऱ्या डॉक्टरने विचारलं, भीती वाटते तर सोडून का नाही जात? ती गेलीसुद्धा, आईकडे राहायला. काही दिवसांनी ती त्याच्या अपार्टमेंटवर गेली तेव्हा त्याने तिला मारलं.

इथे धमकीत तिचं नाव नव्हतं. कोर्ट म्हणालं तरी ती कोण हे कळायला हवं होतं, त्याचा इतिहास जवळच्या बायकांवर हात उचलण्याचा होता आणि आता जवळची बाई हीच होती. आणि तिला जे सांगितलं गेलं ते पुरेसं नव्हतं. ते का पुरेसं नव्हतं हे मला तातियानाच्या केसमुळे जास्त कळतं. हिला भीती होती, सल्लाही मिळाला होता, पण राहिलेला तुकडा, की याने आधीच्या बायकोबाबत हेच बोलून ठेवलंय, तो हिच्याही हातात कुणी दिला नाही. सोडून का जात नाहीस असं विचारणं सोपं असतं. तिच्या समोर होता तो तिचा माणूस, आज चिडलेला, उद्या बरा होईल असा. फाइलमधला माणूस तिने पाहिलेलाच नव्हता.

तारासॉफचा खटला ज्युरीसमोर कधी उभाच राहिला नाही. १९७६ चा निकाल फक्त एवढाच होता की अशी तक्रार कोर्टात चालू शकते, त्यानंतर दोन्ही बाजूंनी बाहेर तडजोड केली. त्यामुळे मूरने केलं ते पुरेसं होतं का हे कुणी ठरवलंच नाही, आणि माझ्या मते त्या सगळ्यांत त्यानेच सगळ्यात जास्त केलं होतं. तातियानाला मारणाऱ्याला खुनाच्या खटल्यात झालेली शिक्षा ज्युरीला दिलेल्या सूचनांमधल्या चुकीमुळे १९७४ मध्ये रद्द झाली, परत खटला चालवला नाही, आणि भारतात परत जायच्या अटीवर त्याला सोडलं.